'अँदोशीन' (१९९२): बघायच्या आधी आणि बघून झाल्यावर लोक जे जे विचारतात

हा सिनेमा मी आत्तापर्यंत चारदा बघितलाय आणि दर वेळी कुणाला ना कुणाला धरून शेजारी बसवलंय, आणि दर वेळी तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. खाली गोष्ट फुटलेली आहे. ज्यांना आधी कळलेलं चालत नाही त्यांनी पहिला, पुरस्कारांचा आणि मुलांचा एवढेच प्रश्न वाचा.

नाव नेमकं कसं म्हणायचं? आणि हा कुठला सिनेमा?

सिनेमा फ्रेंच, आणि नाव म्हणजे इंडोचायना. फ्रेंच लोक 'अँदोशीन' म्हणतात, सुरुवातीचा 'अँ' नाकातून. आपल्याकडे कुणी 'इंडोचाइन' म्हणतं, कुणी 'इंदोशिन', काही बिघडत नाही, समोरच्याला कळतं. दिग्दर्शक रेजिस वार्निए. मुख्य भूमिकेत कॅथरीन देनव, तिच्याबरोबर व्हँसाँ पेरेझ, लिन दान फाम, जाँ यान आणि दोमिनिक ब्लाँ. संगीत पॅट्रिक डॉइलचं, तो स्कॉटिश. लांबी दोन तास चाळीस मिनिटांच्या आसपास, त्यामुळे रात्री साडेदहाला 'थोडा बघून झोपू' म्हणून लावायचा हा सिनेमा नव्हे.

गोष्ट काय आहे, पटकन सांगा ना.

पटकन होणार नाही पण बघते. १९३० चं सायगॉन. एलियान ही फ्रेंच बाई, जन्म तिकडचाच, लग्न केलेलं नाही, वडिलांबरोबर रबराचा मोठा मळा चालवते. अन्नामच्या, म्हणजे मधल्या व्हिएतनामच्या, राजघराण्यातले तिचे मित्र, नवरा-बायको, दोघंही जातात आणि त्यांची लहान मुलगी कामीय हिला एलियान दत्तक घेते. सिनेमा सुरूच त्या अंत्ययात्रेवर होतो. धुक्यात नदीवर होड्या, आणि काळ्या जाळीआडच्या एलियानचा हात धरून उभी असलेली ती पोरगी.

मग जाँ-बातिस्त नावाचा तरुण नौदल अधिकारी येतो. एलियानचं त्याच्याशी जुळतं आणि तुटतंही. पुढे एका गोळीबारात रक्ताने माखलेल्या कामीयला तो उचलून नेतो, त्याने आपला जीव वाचवला असं ती धरून चालते आणि त्याच्या प्रेमात पडते. (तिला खरं तर काही लागलेलंच नसतं, रक्त दुसऱ्याचं असतं. हे विसरू नका.) एलियान ओळखी वापरून त्याची बदली थेट उत्तरेला, तोंकिनमधल्या एका बेटावर करवते. कामीयचं लग्न तान नावाच्या मुलाशी ठरतं, तो तिला मोकळं सोडतो, आणि ही राजकन्या पायी चालत देश ओलांडून त्या बेटावर जाते. तिथे मजुरांचा बाजार भरलेला असतो आणि वाटेत जिच्या कुटुंबाबरोबर चालली, जेवली, झोपली, त्यांची प्रेतं तिला दिसतात. ती फ्रेंच अधिकाऱ्याला गोळी घालते. इथून पुढे दोघं फरार, मूल होतं, तो पकडला जातो, मरतो, तिला तुरुंग होतो. मूल एलियानकडे. शेवट १९५४, जिनिव्हा, इंडोचायनावरच्या परिषदेच्या वेळी.

आणि ही सगळी गोष्ट एलियान म्हातारपणाकडे झुकलेली असताना एका तरुण मुलाला सांगत असते. तो मुलगा म्हणजे ते मूल, एतिएन.

ही खरी घडलेली गोष्ट आहे का?

नाही. एलियान, कामीय, जाँ-बातिस्त सगळे कल्पनेतले. पण आजूबाजूचं बरंच खरंय, १९३० चं बंड खरं, रबराचे मळे खरे, पूलो काँदोरचा तुरुंग खरा, जिनिव्हा खरं. राजघराण्याची मुलगी कम्युनिस्ट होते हे फिल्मी वाटतं खरं, पण तिकडच्या चळवळीतले पुष्कळ लोक शिकल्यासवरल्या मँडरिन, म्हणजे दरबारी अधिकाऱ्यांच्या, घरांमधलेच होते, तेव्हा अगदीच हवेतलं नाहीये.

इंडोचायना म्हणजे आजचा कुठला देश?

व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, तिन्ही मिळून. फ्रेंच १८५८ मध्ये दा नांगला तोफा घेऊन आले, पुढच्या वर्षी सायगॉन घेतलं, १८६२ च्या तहात दक्षिणेचा तुकडा लिहून घेतला आणि मग वर वर सरकत गेले. १८८७ ला 'इंडोचायना युनियन' केली, १८९३ मध्ये लाओस जोडला. व्हिएतनामचेच तीन भाग केले होते, खाली कोचिनचायना, मधे अन्नाम, वर तोंकिन. खालचा भाग सरळ वसाहत, म्हणजे फ्रेंच कायदा फ्रेंच अधिकारी. अन्नाममधे राजा होता, ह्युएच्या किल्ल्यात, दरबार होता, निर्णय मात्र फ्रेंच रेसिडेंट घ्यायचा. आपल्या संस्थानांची आठवण येते ना? तसंच होतं बरंचसं. न ऐकणाऱ्या राजाला उचलून समुद्रापार ठेवायची पद्धतही तीच, हाम न्घीला अल्जीरियात नेलं, थान थाई आणि त्याचा मुलगा दुय तान यांना १९१६ मध्ये रेयुनियन बेटावर. रत्नागिरीला थिबा राजवाडा बघितला असेल तर हे समजावून सांगायला लागत नाही.

सांगायचा मुद्दा एवढाच की कामीय ज्या घराण्यातली दाखवलीय ते घराणं तेव्हा नुसतं शोभेला उरलं होतं. तिच्याकडे जमीन आहे, दागिने आहेत, मान आहे. तिचं कोण होणार आणि तिने कुठे राहायचं हे मात्र फ्रेंच बाई ठरवते, तेही अगदी मनापासून, प्रेमाने.

त्या चाबकाच्या सीनबद्दल सगळे एवढं का बोलतात?

कारण सिनेमा तिथेच आहे, माझ्या मते तरी.

पळून गेलेल्या एका मजुराला एलियान स्वतः मारते. मारता मारता त्याला विचारते की आईला स्वतःच्या पोरांना मारायला आवडतं असं वाटतं का तुला? आणि तो, अंगावर वळ उठलेले, खाली मान, म्हणतो की तुम्हीच माझी आई आणि तुम्हीच बाप.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा फ्रेंच कळत नव्हतं, इंग्रजी सबटायटल वाचत होते आणि डोक्यात आपोआप मराठी शब्द आला, मायबाप. 'मायबाप सरकार'. हा शब्द आपण आजही अर्जात लिहितो, भाषणात ऐकतो, शेतकऱ्याच्या बातमीत हमखास असतो, आणि कधी त्याच्याकडे नीट बघत नाही. माझी आत्या शेजारी बसली होती, तिला फ्रेंच नाही की इंग्रजी नाही, मी तिला ओळ सांगितली तर ती म्हणाली, "मायबाप म्हणतोय ना तो तिला? मग आता त्याला दुसरं घर कुठलं, पळून जाणार कुठं?" आणि परत शेंगा सोलायला लागली.

पूर्ण सिनेमाभर हेच चाललंय बघा. एलियान मजुरांची आई, कामीयची आई, पुढे एतिएनची आई. स्वतःच्या पोटचं एकही नाही. मूल घेतलेलं, जमीन घेतलेली, आणि दोन्हीवर तिचा जीव आहे हे खोटं नाही, इथेच तर अडचण होते बघणाऱ्याची. वाईट बाई असती तर सोपं झालं असतं. सुरुवातीलाच ती म्हणते की तरुणपणी वाटायचं जगात काही गोष्टी एकमेकींपासून सुट्या होऊच शकत नाहीत, माणसं आणि देव, डोंगर आणि सपाटी, इंडोचायना आणि फ्रान्स. पण ते सुटे होऊ नयेत म्हणून चाबूक हातात कुणाच्या, हे तिला दिसत नाही. सिनेमाला दिसतं का? त्यावर खाली लिहिलंय.

आई आणि मुलगी एकाच माणसाच्या प्रेमात, हे आपल्या संध्याकाळच्या सिरियलसारखं नाही का वाटत?

वाटतं. मलाही वाटलं. चित्राच्या लिलावात नजरानजर, पावसात वाद, भर समारंभात तमाशा, सगळा मसाला आहे. दिग्दर्शकाला तसा मोठा, रडवणारा, पडदाभर पसरलेला सिनेमाच करायचा होता आणि तो त्याबद्दल अजिबात लाजत नाही.

पण एक करा, जाँ-बातिस्तला हिरो समजून बघू नका. सुरुवातीला हाच माणूस रात्रीच्या तपासणीत एका बापलेकाची होडी पेटवून द्यायला लावतो, संशयावरून. नंतर त्याला झोप लागत नाही वगैरे ठीक आहे, होडी जळाली ती जळाली. कामीयला हे माहीत नाही. तिला वाचवणारा वाटतो तो माणूस आणि होडी जाळणारा माणूस एकच आहे, हे फक्त आपल्याला माहीत असतं, आणि मग ते प्रेम बघताना पोटात जरा ढवळतं. सिरियलवाले एवढं करत नाहीत.

रबराच्या मळ्यात खरंच एवढे हाल होते का, की सिनेमासाठी वाढवलंय?

वाढवलेलं नाही, उलट कमीच दाखवलंय.

आधी रबर कसं काढतात ते सांगते, कारण पडद्यावर ते फार सुंदर दिसतं आणि तिथेच फसायला होतं. माझ्या मामेभावाची दोडामार्गच्या बाजूला थोडी रबराची झाडं आहेत (तिकडे केरळच्या लोकांनी बागा लावल्या, त्यांचं बघून यानेही लावली). पहाटे चारला उठून, डोक्याला बॅटरी बांधून जायचं, कारण थंडाव्यात चीक जास्त वाहतो, ऊन चढलं की थांबतो. खोडावर तिरकी खाच असते, तिच्या कडेची पातळशी साल वाकड्या सुरीने काढायची, जास्त खोल गेलं तर झाड दुखावतं आणि कमी गेलं तर चीक येत नाही. मग पांढरा थेंब त्या खाचेतून ओघळत खाली बांधलेल्या वाटीत, काही जण करवंटीच बांधतात. दोन-तीन तासांनी परत त्याच झाडांवरून फिरून गोळा करायचं, ताटात ओतून आम्ल टाकून गोठवायचं, रोलरमधून काढून चादरीसारखं वाळत घालायचं. वास असा की कपड्यातून दोन दिवस जात नाही. मी एक सकाळ गेले होते, चाळीसेक झाडांनंतर मनगट धरलं. आता हेच शेकडो झाडं रोज, आणि मागे मुकादम उभा.

तिकडे दक्षिणेच्या लाल मातीत १९२० च्या दशकात मळे प्रचंड वाढले. तिथे माणसं कमी, म्हणून उत्तरेच्या तोंकिनमधून, जिथे गावं भरलेली आणि जमीन तुटपुंजी, तिथून मजूर भरती करून बोटीने खाली आणायचे. तीन वर्षांचा करार, अंगठा उठवलेला, आगाऊ थोडे पैसे. मग मलेरिया, मार, दंड, पळाला तर पकडून परत. व्हिएतनामी लोकांत त्यावर एक गाणंच होतं, त्याचा अर्थ असा की रबराकडे जाणं सोपं, परतणं अवघड, जाताना गडी धडधाकट, येताना पिवळा फटक. भरती करणाऱ्या दलालांवर लोकांचा एवढा राग होता की १९२९ च्या फेब्रुवारीत हनोईमध्ये बाझँ नावाच्या बड्या फ्रेंच भरतीवाल्याला गोळ्या घालून मारलं. आणि पुढच्याच वर्षी, १९३० च्या फेब्रुवारीत, मिशलँच्या फू रिएंग मळ्यात मजुरांनी काही दिवस मळाच ताब्यात घेतला. हो, तीच टायरवाली मिशलँ.

सिनेमातला एलियानचा मळा बाईचा, घरचा, वडिलांपासूनचा आहे. प्रत्यक्षात मोठमोठे मळे कंपन्यांचे होते, मालक पॅरिसला शेअर घेऊन बसलेले, त्यांनी रबराचं झाड डोळ्यांनी पाहिलं नसेल. आई-मुलांची गोष्ट सांगायची तर घरचा मळा लागतो, शेअरहोल्डरला कोण मायबाप म्हणणार.

तान फ्रान्सहून परत का येतो? ते येन बाय काय प्रकरण आहे?

हे सिनेमात दोन-चार वाक्यांत उरकतं म्हणून बऱ्याच जणांचं सुटतं. येन बाय हे उत्तरेतलं छावणीचं गाव. १० फेब्रुवारी १९३० च्या पहाटे तिथल्या फ्रेंच फौजेतल्या व्हिएतनामी शिपायांनी राष्ट्रवादी पक्षाच्या लोकांबरोबर बंड केलं. एका दिवसात मोडलं. पक्षाचा नेता न्ग्युएन थाय होक आणि त्याचे बारा साथीदार यांना १७ जूनला गिलोटिनवर चढवलं. गिलोटिन, फ्रेंच राज्यक्रांतीचं यंत्र, समता-बंधुता शिकवणाऱ्यांनी बोटीने तिकडे नेलेलं.

मृत्युदंडाची शिक्षा झालीय कळल्यावर मे महिन्यात पॅरिसमधल्या व्हिएतनामी विद्यार्थ्यांनी राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोर निदर्शनं केली आणि त्यातल्या १९ जणांना बोटीत घालून परत पाठवलं. तान हा त्यांच्यातलाच एक समजा. श्रीमंत घरचा, फ्रेंच शाळेत शिकलेला, स्वातंत्र्य हा शब्द फ्रेंचमधूनच शिकलेला. घरी येतो तर आईला लग्नाची घाई. मला या सिनेमात सगळ्यात आवडणारा माणूस तोच आहे, वेळ मात्र त्याला फार कमी दिलाय. बायकोला 'जा' म्हणणारा नवरा, आणि तेही भांडण न करता.

आपल्याकडेही ते १९३० च होतं, शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह चालू होता. मीठ तिकडेही सरकारी मक्त्याचं होतं. मीठ, दारू आणि अफू, तिन्ही. एलियान संध्याकाळी जी अफू ओढते ती चोरटी नव्हे, सरकारी खात्याची असायची.

गुलामांचा बाजार खरंच भरायचा का?

जाँ-बातिस्तची बदली होते त्या ड्रॅगन बेटावरचा जो प्रकार दाखवलाय, माणसं ओळीत उभी, दलाल निवडतायत, तो तसाच्या तसा एखाद्या ठिकाणी घडला असं समजून बघू नका, तो सिनेमाने एकत्र केलेला नजारा आहे. कागदावर गुलामगिरी नव्हती, करार होता. फक्त त्या करारातून बाहेर पडता यायचं नाही. दिग्दर्शकाने कागद बाजूला काढून टाकलाय.

पूलो काँदोर कुठे आहे?

आजचं कोन दाओ, दक्षिणेच्या किनाऱ्यापासून लांब समुद्रात. फ्रेंचांनी १८६२ मध्ये तिथे तुरुंग केला. अंदमान डोळ्यासमोर आणा, झालं. कामीय तिथे जाते आणि १९३६ मध्ये सुटते, कारण फ्रान्समध्ये लेऑं ब्लुमचं पॉप्युलर फ्रंट, म्हणजे डाव्या पक्षांच्या आघाडीचं, सरकार आलं आणि राजकीय कैद्यांना माफी मिळाली. ही माफी खरी आहे. आणि एक मजेची गोष्ट, म्हणजे मजेची नाही पण तुम्ही समजून घ्या, फाम व्हान दाँग हे गृहस्थ याच तुरुंगात होते, याच १९३६ मध्ये सुटले, आणि १९५४ ला जिनिव्हात व्हिएतनामी शिष्टमंडळाचे प्रमुख होते. सिनेमात कामीय त्याच शिष्टमंडळात दाखवलीय. म्हणजे तिचा प्रवास कुणाच्या पावलांवर बेतलाय याचा अंदाज करायला जागा आहे.

सुटल्यावरचा सीन जरूर बघा. एलियान दाराशी उभी, आता लेक घरी येणार म्हणून. आणि लेक सांगते की मी येणार नाही, माझ्या मुलाला घेऊन फ्रान्सला जा, तुझं इंडोचायना संपलं. आवाज चढवत नाही. मुलगी आईशी बोलतेय की देश देशाशी, दोन्ही एकदम ऐकू येतं आणि कुठेही भाषण झाल्यासारखं वाटत नाही.

जाँ-बातिस्तला शेवटी मारलं कुणी?

सांगत नाहीत. फ्रान्सला कोर्टमार्शलसाठी पाठवायच्या आधी त्याला मुलाबरोबर थोडा वेळ मिळतो, आणि एलियानला तो बिछान्यात गोळी लागलेला सापडतो, बाळ शेजारी. पोलीस, कम्युनिस्ट की स्वतः? एलियानचा संशय पोलिसांवर, आणि पोलीसप्रमुख गी हा तिच्याच मागे लागलेला, लग्न कर म्हणून. माझं मत पोलीस. नौदलाचा अधिकारी कोर्टात उभा राहून बेटावर काय चालतं ते बोलला असता, ते कुणाला परवडलं असतं?

जिनिव्हाचा शेवट कळला नाही. आणि भारताचा तिथे काही संबंध होता का?

होता की, चांगलाच. ७ मे १९५४ ला दिएन बिएन फूला फ्रेंच फौज हरली, दुसऱ्याच दिवशी जिनिव्हात इंडोचायनावर चर्चा सुरू झाली, आणि जुलैत करार झाला, १७ व्या अक्षांशावर देश तात्पुरता दोन तुकड्यांत. भारत परिषदेचा सदस्य नव्हता पण कृष्ण मेनन तिथे ठाण मांडून होते, सगळ्यांच्या हॉटेलांत चकरा मारत. करार पाळला जातोय का बघायला जो आंतरराष्ट्रीय आयोग नेमला त्याचं अध्यक्षपद भारताकडे आलं, बरोबर कॅनडा आणि पोलंड. आपले सैनिक अधिकारी आणि कारकून पुढे कित्येक वर्षं हनोई-सायगॉनला होते.

अजून एक. जिनिव्हाचा करार २० आणि २१ जुलैला झाला, आणि २२ जुलैच्या आसपास इकडे दादरा पोर्तुगीजांकडून सुटलं, ऑगस्टच्या सुरुवातीला सिल्वासा. त्या लढ्यात सुधीर फडके, म्हणजे आपले बाबूजी, स्वतः होते. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला फ्रेंचांनी पाँडिचेरी भारताच्या हाती दिलं. गोव्याला अजून सात वर्षं थांबायचं होतं. हे सगळं एका कॅलेंडरवर ठेवून बघितलं की जिनिव्हाच्या तळ्याकाठी उभी असलेली ती बाई एकटी वाटत नाही, तिच्यासारखी कितीतरी घरं तेव्हा पेट्या भरत होती.

पाँडिचेरीवरून आठवलं, सायगॉनमध्ये तेव्हा भारतीयही भरपूर होते. पाँडिचेरीकडचे तमिळ लोक फ्रेंच नागरिक म्हणून पोलिसांत, करवसुलीत, कचेऱ्यांत, आणि चेट्टियार सावकार भाताच्या शेतांवर कर्ज देऊन बसलेले. म्हणजे शेतकऱ्याच्या दारात कर मागायला येणारा चेहरा दर वेळी गोराच असेल असं नाही. गोष्टीत या लोकांना काही काम दिलेलं नाही.

एतिएन आईला भेटत का नाही?

हॉटेलपर्यंत जातो. लॉबीत माणसंच माणसं. ती मला ओळखेल का, मी तिला ओळखेन का, या विचारात उभा राहतो आणि परत येतो, आणि एलियानला सांगतो की माझी आई तूच.

इथे दोन गट पडतात. काही जण रडतात आणि म्हणतात की बघा, वाढवते ती आई, देवकी-यशोदा. आणि काही जण चिडतात, कारण आत्ताच तर एक देश 'तू माझी आई नाहीस' म्हणून लढून सुटला आणि सिनेमा शेवटी परत त्या फ्रेंच बाईला आईपण देऊन टाकतो! मी पहिल्यांदा रडले, तिसऱ्यांदा चिडले, चौथ्यांदा पुन्हा रडले, चिडत चिडत.

मग हा सिनेमा वसाहतवादाच्या बाजूचा आहे का?

सरळ हो किंवा नाही सांगता येत नाही, आणि मी टाळत नाहीये.

'हो' म्हणायला कारणं भरपूर. देनवला १९८५ मध्ये 'मारियान'चा चेहरा म्हणून निवडलं होतं, म्हणजे फ्रेंच प्रजासत्ताकाचा जो पुतळा नगरपालिकांमधे असतो, त्याचा. तीच बाई इथे वसाहतीची मालकीण. तेव्हा एलियान म्हणजे फ्रान्स हे फ्रेंच प्रेक्षकाला कुणी समजावून सांगायला नको. कपडे, व्हरांडे, पंखे, संध्याकाळचा सोनेरी उजेड, सगळं असं टिपलंय की गेलेल्या साम्राज्याची हुरहुरच लागावी. सगळी गोष्ट तिच्या तोंडून. कामीय जोपर्यंत लेक आहे, प्रेयसी आहे, तोपर्यंत पडद्यावर, आणि स्वतःच्या अकलेने क्रांतिकारक झाली की पडद्याआड! तुरुंगातली वर्षं नाहीत, चळवळीतली नाहीत. लोक तिला 'लाल राजकन्या' म्हणतात असं आपण नुसतं ऐकतो. हा मला खरा दोष वाटतो, रंगीबेरंगी फोटोग्राफीपेक्षा मोठा.

एलियान एकदा म्हणते की माणसामाणसातला फरक कातडीच्या रंगात नसतो, चवीत असतो, जन्मभर सफरचंद खाल्लेला माणूस माझ्यासारखा कसा असेल, मी आशियातली, मी आंबा. ऐकायला फार गोड. आपण आंब्याचे लोक, लगेच पाघळतो. पण आंबा आवडणं आणि बाग नावावर असणं यात फरक आहे की नाही?

'नाही' म्हणायला कारणं अशी की चाबूक लपवलेला नाही, जळती होडी लपवलेली नाही, बेटावरची प्रेतं लपवलेली नाहीत. मळा शेवटी विकला जातो. परत मिळत नाही, आणि मिळायला हवा होता असंही सिनेमा कुठे म्हणत नाही.

काळही बघा. १९९२ मध्ये फ्रान्सने एकाच वर्षात व्हिएतनामवर तीन मोठे सिनेमे काढले. व्हिएतनामने १९८६ पासून दारं उघडायला सुरुवात केली होती, आणि १९९३ च्या फेब्रुवारीत फ्रेंच राष्ट्राध्यक्ष मितराँ तिकडे दौऱ्यावर गेले, दिएन बिएन फूलाही जाऊन आले. 'अँदोशीन' लिहिणाऱ्या चौघांपैकी एरिक ओर्सेना यांनी पूर्वी मितराँची भाषणं लिहिलेली. मी कट वगैरे म्हणत नाहीये. जुन्या घरी परत जायच्या आधी माणूस जसा अल्बम काढून बसतो, तसं काहीतरी.

शूटिंग खरंच व्हिएतनाममध्ये झालं?

बरंचसं. 'हा लाँग' नावाचा उपसागर, तो समुद्रातून वर आलेल्या शेकडो चुनखडीच्या सुळक्यांचा, तो खरा. ह्युएचा राजवाडा खरा. सायगॉनचे आणि मळ्याचे बरेच भाग मात्र मलेशियात, पेनांगच्या बाजूला केले, जुन्या इमारती तिकडे टिकून होत्या. हा लाँगला युनेस्कोने १९९४ मध्ये यादीत घेतलं. आता तिथे गेलात तर क्रूझ बोटींची गर्दी एवढी की फरार व्हायला जागा नाही.

पुरस्कार किती?

परभाषा चित्रपटाचं ऑस्कर, १९९३ च्या समारंभात. गोल्डन ग्लोबही. देनवला अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं, तिच्या आयुष्यातलं एकमेव, बाहुली मात्र एमा थॉम्पसनला गेली. फ्रान्सचे सेझार पाच, त्यात देनव आणि दोमिनिक ब्लाँ दोघी. लिन दान फामचा हा पहिलाच सिनेमा, सायगॉनला जन्मलेली, फ्रान्समध्ये वाढलेली, तेव्हा जेमतेम सतरा-अठराची.

मुलांबरोबर बघता येईल का?

आठवी-नववीच्या पुढे असतील तर हो, रिमोट हातात ठेवून. थोडे उघडे सीन आहेत, मारहाण आहे, बेटावरचा भाग जड आहे. लहानग्यांना नको, त्यांना मधला तासभर कंटाळाच येईल आणि ते तुम्हालाही बघू देणार नाहीत. सबटायटल आधी पाच मिनिटं लावून तपासा, माझ्या एका कॉपीत ती चार सेकंद उशिरा येत होती आणि चाबकाचं वाक्य पुढच्या नाचगाण्यावर उमटलं.

मधे इंटरव्हल कुठे घ्यायचा?

कामीय गोळी घालते तिथे थांबू नका, तिथे कुणी उठणारही नाही. दोघं होडीतून निसटतात, शीड पडलेलं, वारा नाही, सुळक्यांच्या मधल्या त्या हिरव्या पाण्यात होडी नुसती वाहत राहते आणि कुणीच काही बोलत नाही, तिथे पॉज करा. दोघांचं प्यायचं पाणी संपलेलं असतं आणि आपण किचनमधे चहाचं आधण ठेवतो, जरा कसंतरी होतं. पण दुसरी बरी जागा मला चार वेळात सापडलेली नाही.